रेणू एकत्र उजळतात तेव्हा सभोवतालाला काय कळते

१९३६ साली इंग्लंडमधील हॅरो येथे कोडॅकच्या प्रयोगशाळेत एडविन जेली एका रंगद्रव्याचे पाण्यातील द्रावण तपासत होते. स्यूडोआयसोसायनिन हे त्या द्रव्याचे नाव. या सायनिन वर्गातील रंगद्रव्ये छायाचित्रणाच्या फिल्मवर वापरली जात, कारण त्यांच्यावाचून फिल्मला निळ्याखेरीज फारसे काही दिसत नसे. द्रावण विरळ असताना हे द्रव्य ५२५ नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश एका रुंद, पसरट पट्ट्यात शोषून घेते. जेली यांनी त्यात मीठ मिसळले, तेव्हा सुमारे ५७० नॅनोमीटरपाशी, पिवळ्या रंगात, सुईसारखी अरुंद शोषणरेषा उमटली. म्युनिकमध्ये ग्युंटर शायबे द्रावणाची संहती वाढवत नेत होते आणि त्याच वर्षी त्यांनाही हीच रेषा दिसली. रेणू एकमेकांना बिलगून त्यांच्या लांब माळा तयार झाल्या होत्या. जेली यांच्या नावाच्या आद्याक्षरावरून अशा माळांना आज जे-ॲग्रिगेट म्हणतात.

यात एक कोडे होते. रेणू दाटीवाटीने एकत्र आले की त्यांनी एकमेकांना धक्के द्यावेत, प्रत्येकाची ऊर्जा थोडी इकडे थोडी तिकडे सरकावी आणि वर्णपट आणखी पसरावा, अशी कोणाचीही अपेक्षा असेल. गर्दीत वर्णपट गढूळ व्हायला हवा होता. प्रत्यक्षात तो निवळला. या माळांमधून बाहेर पडणारा प्रकाशही सुट्या रेणूच्या प्रकाशापेक्षा कितीतरी लवकर बाहेर पडतो, हे पुढे अनेक वर्षांनी मोजता आले. दोन्ही गोष्टींचे मूळ एकच आहे, आणि ते समजण्यासाठी आधी एकटा रेणू प्रकाश कसा देतो ते पाहावे लागेल.

रेणूने प्रकाश शोषला की त्यातील इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलते आणि तो उत्तेजित अवस्थेत जातो. त्या अवस्थेतून तो आपणहून खाली येतो आणि ऊर्जेचा एक पुंज, म्हणजे एक फोटॉन, बाहेर टाकतो. चांगल्या रंगद्रव्याच्या रेणूला याला काही नॅनोसेकंद लागतात. हा काळ क्षणभरही नाही असे वाटेल, पण दृश्य प्रकाशाचे एक आंदोलन दोनएक फेम्टोसेकंदांत पुरे होते आणि एका नॅनोसेकंदात दहा लाख फेम्टोसेकंद असतात. म्हणजे रेणू फोटॉन सोडीपर्यंत प्रकाशाची वीसेक लाख आंदोलने होऊन जातात. एवढा उशीर का लागतो, याचे ढोबळ उत्तर आकारात आहे. रेणूची लांबी नॅनोमीटरभर आणि त्याने सोडायच्या लाटेची लांबी पाचशे नॅनोमीटर. इतक्या लांब लाटेसाठी हा अँटेना फारच तोकडा पडतो.

प्रिन्स्टनचे रॉबर्ट डिकी यांनी १९५४ साली विचारलेला प्रश्न असा होता : एकाच लाटेच्या लांबीत असे अनेक तोकडे अँटेने शेजारी शेजारी असतील तर प्रत्येकाने आपापला प्रकाश स्वतंत्रपणे सोडला असे समजणे योग्य आहे का? त्यांचे उत्तर नकारार्थी होते. प्रकाशाची लाट त्या सर्वांपेक्षा इतकी मोठी असते की तिच्या दृष्टीने ते एकाच जागी असतात. फोटॉन यांपैकी कोणाकडून आला हे बाहेरून ओळखता येत नाही, आणि पुंजभौतिकीचा नियम असा की जिथे पर्यायांमध्ये फरक करता येत नाही तिथे त्यांच्या संभाव्यता मिळवायच्या नसतात. त्याआधीची राशी, म्हणजे लाटेची उंची, मिळवायची असते आणि मग तिचा वर्ग करायचा असतो.

भजनात दहा टाळकरी असावेत आणि प्रत्येकाचा ठोका आपापल्या वेळी पडावा, तर एकाच्या दहापट आवाजाची ऊर्जा आपल्याकडे येते. तेच दहा ठोके अगदी नेमके एकाच क्षणी पडले तर लाटांची उंची दहापट होते आणि उंचीच्या वर्गाप्रमाणे ऊर्जेचा प्रवाह शंभरपट. उपमा इथपर्यंतच ताणावी, कारण टाळकऱ्याच्या हातात जोर भरपूर असतो, तर रेणूंकडे साठवलेली ऊर्जा मोजकीच असते. सर्व रेणू उत्तेजित असतील तर एकंदर प्रकाश तेवढाच निघतो, मात्र तो रेणूंच्या संख्येइतक्या पटीने कमी वेळात निघतो आणि झोताची कमाल तीव्रता संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. या घटनेला सुपररेडियन्स म्हणतात. हायड्रोजन फ्लोराइड वायूच्या रेणूंमध्ये एमआयटीतील मायकेल फेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली ती प्रथम स्पष्टपणे दाखवली. तो प्रकाश दूरच्या अवरक्त पट्ट्यातला, ८४ मायक्रोमीटर लांबीचा होता, आणि विरळ वायूत रेणूंना त्रास द्यायला जवळपास कोणी नव्हते.

पुढच्या सगळ्या विवेचनासाठी दोनच रेणूंचे उदाहरण पुरेसे आहे, आणि त्यात ऊर्जेचा एकच पुंज आहे असे धरू. तो पुंज पहिल्या रेणूवर असू शकतो किंवा दुसऱ्यावर. पुंजभौतिकीत तिसरी शक्यताही असते : तो दोघांवर मिळून असतो आणि दोघांच्या आंदोलनांमध्ये ठरावीक नाते असते. या नात्याला कला, म्हणजे प्रयोगशाळेच्या बोलीत फेज, म्हणतात. दोघांची कला सारखी असेल तर त्यांच्या लाटा एकमेकींना साथ देतात आणि फोटॉन एकट्या रेणूच्या दुप्पट वेगाने निघतो. कला उलट असेल तर लाटा एकमेकींना खोडतात आणि फोटॉन निघतच नाही. ऊर्जा आत अडकून राहते. पहिली उजळ अवस्था, दुसरी काळी. दोन आणि शून्य यांची सरासरी एक येते, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे, कारण कलेचे नाते पूर्णपणे विस्कटले की दोन्ही अवस्था सारख्याच प्रमाणात मिसळतात आणि आपण मुकाट्याने सुट्या रेणूच्या वेगावर परत येतो. सामूहिकतेचा लाभ मिळतो तो कलेच्या नात्यामुळेच. ते नाते नसेल तर रेणू कितीही जवळ असले तरी काही मिळत नाही.

येथे सभोवतालाचा प्रवेश होतो. विरळ वायूतील रेणू आणि स्फटिकात, द्रावणात किंवा प्रथिनात बसलेला रेणू यांच्या परिस्थितीत फार अंतर आहे. मुळात रंगद्रव्याचा एक रेणू म्हणजेच कंपनांचे एक मोहोळ असते. पन्नास अणूंच्या रेणूला कंप पावण्याच्या १४४ स्वतंत्र तऱ्हा असतात. कार्बनची साखळी ताणली-आकसली जाण्याचे कंपन सुमारे २४ फेम्टोसेकंदांत पुरे होते. त्याहून संथ अशी वळण्याची, डुलण्याची कंपने असतात. त्यापलीकडे शेजारचे पाणी, स्फटिकाची जाळी, प्रथिनाचा सांगाडा हे सगळे असते. इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलली की बंधांची लांबी बदलते, बंध बदलले की अणू हलतात, अणू हलले की शेजारी सरकतात. उत्तेजित होणे ही रेणूची खाजगी बाब उरत नाही.

लग्नघरातील बैठकीवर कापसाच्या गाद्या ओळीने अंथरलेल्या असतात. त्यांवर कोणी बसला की गादी दबते, खळगा पडतो आणि बसणारा थोडा खाली जातो. रेणूच्या बाबतीत हे खाली जाणे म्हणजे सभोवतालाला दिलेली ऊर्जा; तिच्यामुळेच रंगद्रव्य जो प्रकाश शोषते त्यापेक्षा थोडा अधिक तांबडा प्रकाश बाहेर टाकते. उत्तेजना आणि तिने पाडलेला खळगा मिळून जी जोडी होते तिला पोलॅरॉन म्हणतात. खळगा किती खोल आहे याचे एक माप आहे. कुन हुआंग आणि ॲव्हरिल ऱ्हीस यांनी १९५० साली मांडलेला हा आकडा सांगतो की एका उत्तेजनेमागे सरासरी किती कंपनपुंज, म्हणजे फोनॉन, जागे होतात. अनेक सेंद्रिय रंगद्रव्यांत तो अर्धा ते एक यांच्या आसपास असतो. खळगा उथळ असेल तर सभोवतालाशी जोड कमकुवत समजतात आणि बहुतेक जुनी समीकरणे तिथे चालतात. आकडा एकच्या घरात गेला की खळगा हा बारीकसा अडथळा न राहता घटनेचा भागीदार बनतो.

सामूहिक उत्सर्जनाची खरी अडचण या खळग्यातच आहे आणि ती बहुतेक वेळा चुकीच्या रीतीने सांगितली जाते. सभोवताल हा गोंगाट आहे, तो रेणूंना सारखा हिसकत राहतो आणि त्यामुळे कला बिघडते, असे वर्णन पाठ्यपुस्तकांत आढळते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. एकही हिसका न देता, निव्वळ शून्य तापमानालाही, सभोवताल सामूहिकता घटवू शकतो, कारण कोणत्या गादीवर खळगा आहे हे पाहून ऊर्जा कोणाकडे होती ते कळते. ते पाहायला कोणी माणूस लागत नाही. खळग्यात ती माहिती नोंदली जाणे एवढेच पुरे असते. डिकी यांच्या हिशेबाचा पाया फोटॉन कोणाकडून आला हे ओळखता न येण्यात होता. सभोवतालाने नोंद ठेवली की तो पाया खचतो.

तो किती खचतो याचा हिशेब दोन रेणूंपुरता अगदी हाताने करता येतो. फोटॉन निघून गेल्यानंतर रेणू जमिनीवरच्या, म्हणजे सर्वांत कमी ऊर्जेच्या, अवस्थेत येतो आणि त्याला जुना, न दबलेला आकार हवा असतो. त्या क्षणी दोन गोष्टी होऊ शकतात. एक तर कोणतेही कंपन मागे न ठेवता फोटॉन निघतो. तेव्हा गाद्या पूर्ववत झालेल्या असतात, कोणाकडून आला याचा मागमूस नसतो आणि दोन्ही लाटांना एकमेकींना साथ देता येते. नाहीतर एक-दोन कंपने मागे राहतात आणि ती ज्या रेणूवर राहिली त्याचे नाव उघड करतात. मग साथ मिळत नाही. पहिल्या प्रकारच्या प्रकाशाला शून्य-फोनॉन रेषा म्हणतात, दुसऱ्याला कंपनांचा पट्टा. खळग्याचा आकडा एक असेल तर शून्य-फोनॉन रेषेच्या वाट्याला प्रकाशाचा सुमारे ३७ टक्के भाग येतो, अर्धा असेल तर सुमारे ६१ टक्के. जेवढा हा वाटा तेवढाच सामूहिकतेचा लाभ : दोन रेणूंचा वेग दुप्पट व्हायचा तो पहिल्या बाबतीत १.३७ पट होतो आणि दुसऱ्या बाबतीत १.६१ पट. उत्सर्जन मंदावण्याचे हे कारण तापमान उतरवल्याने नाहीसे होत नाही, हे पुन्हा एकदा नोंदवतो.

मात्र हा हिशेब एका गृहीतावर उभा आहे : प्रत्येक रेणूपाशी खळगा पुरा पडायला सवड मिळते. दोन रेणू एकमेकांपासून लांब असतील तर तसे होते. जवळ असतील तर त्यांच्या विद्युत द्विध्रुवांमुळे उत्तेजना एका रेणूवरून दुसऱ्यावर उडी मारू लागते, आणि जे-ॲग्रिगेटमध्ये ही उडी दहा फेम्टोसेकंदांच्या घरात होते. कार्बन-बंधांचे एक कंपनही तेवढ्यात पुरे होत नाही. गादी दबायच्या आधीच बसणारा पुढच्या गादीवर गेलेला असतो, तिथूनही पुढे जातो, आणि अखेर वजन सगळ्या गाद्यांवर सारखे वाटले जाते. दहा गाद्यांवर वाटलेले वजन प्रत्येक गादीला एकदशांशच दाबते. दबायला लागणारी ऊर्जा दाबाच्या वर्गाप्रमाणे असते, म्हणून प्रत्येक गादीवर ती शतांश होते, आणि दहा गाद्यांची मिळून पुन्हा एकदशांश. थोडक्यात, उत्तेजना जितक्या रेणूंमध्ये वाटली जाईल तितक्या पटीने खळग्याचा एकूण आकडा घटतो. खळगा घटला की नोंद पुसट होते, नोंद पुसट झाली की आणखी रेणूंना वाटणीत येता येते.

जेली यांच्या द्रावणातील कोड्याचे उत्तर हेच आहे. अनेक रेणूंवर पसरलेल्या उत्तेजनेला, म्हणजे एक्सायटॉनला, कोणत्याही एका रेणूचा खळगा वा एका जागेचा खडबडीतपणा फारसा जाणवत नाही; तिला सगळ्यांची सरासरी जाणवते आणि सरासरीत चढउतार कमी असतात. म्हणून रेषा अरुंद. शोषलेल्या आणि सोडलेल्या प्रकाशाच्या रंगात जे-ॲग्रिगेटमध्ये जवळपास फरक नसतो, तेही त्याच कारणाने. १९८४ साली अर्न्स्ट-वॉल्टर क्नॅप यांनी या सरासरीचा गणिती ताळेबंद मांडला.

डिकी यांच्या कल्पनेतील एक विसंगतीही येथे उलटी होते. वायूत रेणू फार जवळ आणले की त्यांच्यातील विद्युत ओढाताण प्रत्येकाची ऊर्जा वेगवेगळी सरकवते आणि कलेचे नाते मोडते. त्या क्षेत्रातील लोकांना ही ओढाताण नेहमीच डोकेदुखी वाटत आली. नीट रचलेल्या रेणूंच्या माळेत तीच ओढाताण उत्तेजनेला हलती ठेवून खळग्यांपासून वाचवते. माझ्या मते या विषयातील सर्वांत सुंदर गोष्ट हीच आहे आणि ती लोकप्रिय लेखांत फारशी सांगितली जात नाही.

रचना नीट असण्याला मात्र पर्याय नाही. रेणू डोक्याला पाय असे एका रांगेत, किंवा पायऱ्यांसारखे सरकवून, मांडले असतील तर उजळ अवस्था ऊर्जेच्या उतरंडीत सर्वांत खाली येते आणि शेवटी उत्तेजना तिथेच स्थिरावते. तेच रेणू पत्त्यांच्या कॅटासारखे एकावर एक रचले तर उजळ अवस्था सर्वांत वर जाते, तळाशी काळी अवस्था राहते आणि प्रकाश क्षीण होतो. या दुसऱ्या प्रकाराला एच-ॲग्रिगेट म्हणतात. मायकेल काशा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली या दोन रचनांचा फरक स्पष्ट केला. रसायन तेच, रेणू तोच, आणि केवळ मांडणीने एक द्रव्य झगमगते, दुसरे मिणमिणते.

नेदरलँड्समधील ग्रोनिंगन येथे दाऊवे विअर्समा यांच्या गटाने १९९० साली जेली यांचेच रंगद्रव्य घेऊन जेली यांच्या माळा आणि डिकी यांचे सामूहिक उत्सर्जन या दोन धाग्यांची गाठ मारली. सुट्या रेणूची उत्तेजित अवस्था सुमारे ३.७ नॅनोसेकंद टिकते. १.५ केल्विन तापमानाला, म्हणजे उणे २७१ अंश सेल्सिअसच्याही खाली, माळेतील उत्तेजना सुमारे ७० पिकोसेकंदांत (पिकोसेकंद म्हणजे नॅनोसेकंदाचा हजारावा भाग) प्रकाश देऊन मोकळी झाली. हा वेग पन्नास पटींहून अधिक आहे. माळांमध्ये रेणू हजारोंच्या संख्येने असतात, तरीही वाटणी काही डझन रेणूंपुरतीच होते, कारण माळ ठिकठिकाणी थोडी वेडीवाकडी असते आणि तेवढ्या लांबीपलीकडे कलेचे नाते जुळत नाही.

पुढे तापमान वाढवत नेल्यावर हाच काळ लांबत गेला. तापल्यावर उत्तेजना तळाच्या उजळ अवस्थेतून वरच्या काळ्या अवस्थांमध्ये चढते आणि उजळ वाटा पातळ होतो. खोलीच्या तापमानाला उष्णतेच्या धक्क्याची सरासरी ऊर्जा सुमारे ०.०२५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते, हिरव्या फोटॉनची सुमारे २.३. धक्का शंभरपटीने लहान आहे, पण त्याला रेणू विझवायचा नसतो, फक्त उजळ अवस्थेतून शेजारच्या काळ्या अवस्थेत ढकलायचा असतो, आणि तेवढ्यासाठी तो पुरतो.

मोजणीबद्दल एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे, कारण या विषयात दावे पुष्कळ होतात. प्रकाश लवकर विझला याचा अर्थ तो लवकर बाहेर पडला असा होत नाही. ऊर्जा उष्णतेत जिरूनही उत्तेजित अवस्थेचा काळ घटतो, आणि रेणू एकत्र आले की असे जिरणे अनेकदा वाढते. शोषलेल्या फोटॉनांपैकी किती परत आले ते वेगळे मोजून त्याला काळाने भागावे, तेव्हा कुठे प्रकाशाचा खरा वेग हाती येतो. सुपररेडियन्स आढळला असे सांगणारा शोधनिबंध हा भागाकार करत नसेल तर त्यावर विश्वास ठेवू नये.

दुसरी तपासणी अधिक नेटकी आहे. अमेरिकेतील टेंपल विद्यापीठाचे फ्रँक स्पॅनो यांनी दाखवले की जे-प्रकारच्या समूहात शून्य-फोनॉन रेषा आणि तिच्या पुढच्या पहिल्या कंपन-पट्ट्याची तीव्रता यांचे गुणोत्तर थेट उत्तेजना वाटून घेणाऱ्या रेणूंच्या संख्येने वाढते. कारण वर पाहिलेच आहे : रेषेला साथ मिळते, पट्ट्याला मिळत नाही. यासाठी वेगवान घड्याळ लागत नाही, साधा वर्णपट पुरतो, आणि ऊर्जा उष्णतेत किती जिरली याचा परिणाम गुणोत्तरावर होत नाही. सभोवतालाने उभी केलेली अडचणच येथे मोजपट्टी झाली आहे.

या सगळ्याचे गणित मात्र अवघड आहे. नेहमीच्या पद्धतीत सभोवतालाला स्मरण नसते असे मानतात : त्याला दिलेली ऊर्जा तत्काळ दूर निघून जाते आणि परत काही येत नाही. तेवढे मानले की कलेचे नाते एका ठरावीक दराने घसरत शून्याला जाते आणि समीकरण दोन ओळींत सुटते. खोल खळग्याला हे लागू पडत नाही. दबलेली गादी लगेच वर येत नाही, आणि तिचा दाब बसणाऱ्याच्या पुढच्या हालचालीवर परिणाम करतो. खरे चित्र असे दिसते की पहिल्या पिकोसेकंदाच्या आसपास, खळगा पडत असताना, नात्याचा काही भाग झपाट्याने गमावला जातो. त्यानंतर खळगा स्थिरावतो आणि उरलेला भाग बराच काळ टिकून राहतो. साध्या दराचे सूत्र वापरणारा माणूस सुरुवातीची हानी कमी धरतो आणि नंतरची अवास्तव फुगवतो. अर्थात, संथ कंपने पुष्कळ असतील आणि तापमान खोलीचे असेल तर हा उरलेला भागही फार थोडा असतो, हे मान्य करावे लागते.

स्मरण असलेल्या सभोवतालाचा नेमका हिशेब कसा ठेवावा याची चौकट रिचर्ड फाइनमन आणि फ्रँक व्हर्नन यांनी १९६३ साली दिली. जपानमध्ये योशिताका तानिमुरा आणि र्‍योगो कुबो यांनी १९८९ साली तिला एकाखाली एक उतरत जाणाऱ्या समीकरणांच्या मालिकेचे रूप दिले, आणि २०१८ पासून टेन्सरांच्या, म्हणजे अनेक मितींच्या अंककोष्टकांच्या, जाळ्यांवर आधारलेल्या पद्धतींनी सभोवतालाचे स्मरण संगणकात दाबून, घडी घालून ठेवणे शक्य केले. तरीही अडचण उरते, कारण रेणू वाढले की अवस्थांची संख्या घातांकाने वाढते. दोन-चार रेणू आणि त्यांचा पूर्ण सभोवताल, किंवा पुष्कळ रेणू आणि सोपा केलेला सभोवताल, यांपैकी एकच बहुधा परवडतो.

निसर्गात याचे उदाहरण जांभळ्या जीवाणूंत आहे. त्यांच्या प्रकाश गोळा करणाऱ्या एका प्रथिनाची रचना १९९५ साली उलगडली, तेव्हा त्यात बॅक्टेरियोक्लोरोफिलचे अठरा रेणू एका कड्यात जवळजवळ बसलेले दिसले. सगळ्या कड्यात कलेचे नाते पुरते जुळले असते तर उत्सर्जनाचा वेग कितीतरी वाढला असता. मोजमापात तो सुट्या रेणूच्या सुमारे तिप्पट निघाला. प्रथिनाच्या डुलण्याने वाटणी मोजक्या रेणूंपुरती आखडते. जीवाणूला त्याचे सोयरसुतक नाही, त्याचा धंदा प्रकाश गोळा करण्याचा आहे, सोडण्याचा नाही, आणि ऊर्जा काही पिकोसेकंदांत पुढच्या कड्याकडे निघूनही जाते.

रेणूंच्या जगाबाहेर पेरोव्हस्काइट नावाच्या स्फटिकांत सामूहिक झोत सापडले आहेत : सीझियम, शिसे आणि ब्रोमिन यांच्या नॅनोस्फटिकांच्या रचलेल्या थरांत २०१८ साली ६ केल्विनला, आणि एका संकरित पेरोव्हस्काइटच्या पातळ पापुद्र्यात २०२२ साली थेट खोलीच्या तापमानाला. दुसऱ्या प्रयोगाचे नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी दिलेले स्पष्टीकरण असे की तेथे पोलॅरॉनचा खळगाच उत्तेजनेला बाहेरच्या उष्ण धक्क्यांपासून अलग ठेवतो, जसा गाडीखालचा स्प्रिंग खड्ड्यांपासून ठेवतो. रेणूंमध्ये हेच साधेल का, हा त्यामुळे आता वाऱ्यावरचा प्रश्न राहिलेला नाही.

आणि अगदी दोनच रेणूंचा हिशेब? तोही तपासून झाला आहे. २००२ साली वाहिद सांदोघदार यांच्या गटाने एका स्फटिकात एकमेकांपासून १२ नॅनोमीटरवर बसलेले टेरिलीन या रंगद्रव्याचे दोन रेणू शोधून काढले आणि त्यांची उजळ व काळी अशी दोन्ही रूपे वर्णपटात वेगवेगळी दाखवली. २०२२ साली फ्रान्समधील बोर्डो येथे ब्राहिम लूनिस यांच्या गटाने अशाच जोड्यांवर विद्युतक्षेत्र लावून दोन रेणूंचे नाते हवे तसे घट्ट वा सैल करून पाहिले. प्रयोग द्रवरूप हेलियमच्या थंडीत होतात, तिथे धक्के जवळपास नसतात. तरीही उजळ अवस्थेचा काळ निम्मा होत नाही, कारण शून्य-फोनॉन रेषेचा वाटा शंभर टक्के नसतो. त्याच कारणाने काळी अवस्थाही पूर्ण काळी होत नाही. तिची शुद्ध रेषा खोडली जाते, पण कंपनांच्या पट्ट्यात खोडायला कोणी जोडीदार नसतो आणि तेवढा उजेड थोडा तांबडा होऊन झिरपत राहतो. लेझरचा प्रकाश गाळून टाकल्यावर प्रयोगकर्त्यांचे संवेदक नेमका हाच तांबूस उजेड टिपतात, आणि म्हणूनच काळी अवस्था त्यांना दिसते.